शिकाऱ्यांची शाळा आणि शेतकऱ्यांची जागल

(पुणे येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झालं, ज्वारीच्या खरेदीवर बोलून झालं. माझ्या वाट्याला विषय आला आहे हरणांचा. विषय ऐकून मागच्या रांगेतले काहीजण हसले. हसणाऱ्यांची शेतं बहुधा बागायती असावीत. ज्यांनी पेरणीनंतर पंधराव्या दिवशी कोवळ्या ज्वारीचे शेंडे खुडलेले पाहिले आहेत, पाते लागलेली पऱ्हाटी रोह्यांच्या कळपाखाली आडवी झालेली पाहिली आहे, ते हसले नाहीत.

मी शेतकीची पदवी घेतली. चार वर्षांत कीड शिकवली, रोग शिकवला, तण शिकवलं. मावा किती पानांवर किती दिसला म्हणजे फवारायचं, याचा हिशेब तोंडपाठ करून घेतला. पण एका रात्रीत अर्धा एकर हरभरा खाऊन जाणाऱ्या जनावराबद्दल एक तासही कोणी शिकवलं नाही. ते खातं वनविभागाचं, म्हणून शेतकीवाल्याने बोलायचं नाही. वनविभागाच्या लेखी ते जनावर म्हणजे संपत्ती, म्हणून त्यांनी पिकाकडे पाहायचं नाही. मधे शेतकरी एकटाच, हातात गोफण घेऊन माळ्यावर बसलेला.

आज मी दोन शाळांबद्दल बोलणार आहे. एक परदेशात भरते, शिकाऱ्यांची. दुसरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भरत होती, ती आपणच बंद पाडली. या दोन्हींवरून आपल्याला तिसरी काढता येईल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

परदेशातला शिकारी शाळेत जातो

अमेरिकेत हरणाची शिकार कायदेशीर आहे. पण बंदूक घेतली आणि रानात गेला, असं तिथे चालत नाही. बहुतेक राज्यांत नव्या शिकाऱ्याला आधी शिक्षण घ्यावं लागतं. त्यापलीकडे तिथे शिकाऱ्यांचे मेळावे भरतात. हे मेळावे भाषणांचे नसतात, हाताने करून शिकण्याचे असतात. सकाळी निशाणबाजी. मग रानात फिरून माग कसा ओळखायचा, हरीण कुठे चरतं, कुठे बसतं, नर कोणता, मादी कोणती. मेलेल्या हरणाचा जबडा हातात देतात आणि दाढा किती झिजल्या आहेत यावरून वय काढायला लावतात, जसं आपण बैलबाजारात दात पाहतो तसंच. जखमी जनावर पळालं तर रक्ताच्या थेंबांवरून त्याचा माग काढून त्याला संपवायचं, तडफडत सोडायचं नाही, हेही शिकवतात. शेवटी सोलणं, मांस साफ ठेवणं आणि रांधणं. २०१६ साली जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी अशाच एका संघटनेने शेतमालाच्या बाजारात हरणाच्या मांसाची चव लोकांना देऊन, ज्यांनी जन्मात शिकार केली नाही अशांना या वर्गात ओढलं. तो उपक्रम पुढे कितीतरी ठिकाणी पसरला.

तुम्ही म्हणाल, हौशी लोकांचे चोचले. थोडं थांबा. तिथे १९३७ साली एक कायदा झाला. बंदुकांवर आणि काडतुसांवर जो केंद्राचा कर बसतो, तो पैसा वन्य प्राण्यांच्या व्यवस्थेसाठी राज्यांना जातो. शिकाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्चही त्यातून निघतो. म्हणजे हरणाची हौस ज्याला, खर्च त्याच्या खिशातून.

जर्मनीचं उदाहरण तर आपल्याला आणखी जवळचं आहे, कारण तिथेही लहान लहान शेतकरी आहेत. जर्मन कायद्यात शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. ज्याची सलग जमीन पंचाहत्तर हेक्टर, म्हणजे सुमारे एकशे पंच्याऐंशी एकर, त्याचा स्वतंत्र पट्टा. त्याहून कमी जमीनवाले सगळे मिळून एक मंडळ होतं. कायद्यानेच होतं, कोणाच्या मर्जीवर नाही. हे मंडळ आपल्या शिवारातली शिकार भाडेपट्ट्याने देतं. भाड्याचा पैसा ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणात वाटला जातो. आणि हरणाने किंवा रानडुकराने पीक खाल्लं, तर भरपाईची जबाबदारी या मंडळाची. ती बहुतेक वेळा करारानेच पट्टा घेणाऱ्या शिकाऱ्याच्या अंगावर टाकलेली असते. शेतकऱ्याने नुकसान कळल्यापासून आठवड्याच्या आत दावा सांगायचा.

पट्टा घेणाऱ्या शिकाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते. ती इतकी कडक असते की लोक तिला थट्टेने हिरवी मॅट्रिक म्हणावी तसं नाव देतात. त्यात प्राण्यांची माहिती येते, कायदा येतो, हत्यार येतं, कुत्र्यांची निगा येते, मांसाची स्वच्छता येते, आणि पिकाचं नुकसान कसं टाळावं हेही येतं. शिकाऱ्याने शेतीचं नुकसान शिकलं पाहिजे, असं तिथल्या सरकारला वाटतं. आपल्याकडे कोणाला वाटतं?

तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. रानडुकरांवरून तिथेही दरवर्षी भांडणं होतात, नुकसानीच्या आकड्यावरून घासाघीस होते. पण भांडायला समोर माणूस असतो, करार असतो, मुदत असते. आपल्यासमोर कोण असतं?

आपल्याकडची शाळा

आता आपल्याकडची शाळा. हरणाची खोडी न् खोडी माहीत असलेला समाज या महाराष्ट्रात आहे. फासेपारधी. दोरीचे फासे, खुंट्या, आणि हरणाच्या वाटेची अचूक जाण, एवढं त्यांचं भांडवल. गाय पारधी ही त्यांच्यातली एक शाखा. शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने चालत कळपाजवळ जायचं, यावरून ते नाव पडलं. कोणत्या वेळी कळप उठतो, वारा कुठून असला म्हणजे वास लागतो, हे लहान पोर बापाच्या मागे चालून शिकत असे. पाटी नाही, पुस्तक नाही, पण अमेरिकेतल्या मेळाव्यात जे शिकवतात ते सगळं त्या पालावर होतं.

या समाजाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा कितीतरी जमातींवर जन्मानेच चोरीचा शिक्का मारायला सुरुवात केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कायदा गेला, शिक्का गेला नाही. गावात चोरी झाली की आजही पहिली धाड पालावर. आणि ही गोष्ट बोलताना आपणही जरा खाली पाहावं, कारण शिवारात पाल पडलं की हुसकून लावणाऱ्यांत शेतकरीही असतो.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्या सालातला. सुरुवातीला या कायद्यात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करायची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली. तेव्हापासून शिकार बंद, अपवाद फक्त सरकार देईल तेवढाच. संस्थानिकांनी आणि साहेबांनी चित्ते सोडून, गाड्या पळवून, बंदुकांनी माळ रिकामे केले होते. कायदा गरजेचा होता, हे मी मान्य करतो. पण साहेबाची हौस गेली आणि पारध्याची भाकरी गेली, या दोन्हीला कायद्याने एकच माप लावलं. पारधी त्या दिवसापासून पोटासाठी गुन्हेगार झाला. आणि त्याच्या जागी हरणांची संख्या आटोक्यात ठेवणारा दुसरा कोणी नेमला गेला नाही. लांडगा कमी झाला, माळावरचा चित्ता तर देशातूनच संपला. राहिला शेतकरी.

यातून एक बरी वाटही निघाली आहे, ती सांगितली पाहिजे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ आणि त्यावरचा तणमोर राखायचं काम केलं. फासे लावणारा हातच राखणीला लावला. तणमोर कुठे नाचतो, कुठे अंडी घालतो, हे पुस्तकवाल्यांपेक्षा पारध्यालाच जास्त ठाऊक होतं. म्हणजे विद्या जिवंत आहे. तिला मान आणि दाम दिला तर ती उपयोगी पडते.

कायदा काय म्हणतो

आता नीट ऐका, कारण यात गावोगाव गैरसमज आहेत. कायद्यात प्राण्यांच्या याद्या आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या याद्या नव्याने मांडल्या गेल्या. काळवीट आणि चिंकारा पहिल्या यादीत. रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या यादीत.

दुसऱ्या यादीतल्या जनावराने उभ्या पिकाचं नुकसान केलं, तर त्याला मारण्याची परवानगी देण्याची सोय कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली रोही आणि रानडुकरांसाठी हा अधिकार खालच्या वनाधिकाऱ्यांपर्यंत आणला. पहिल्या यादीतल्या प्राण्याचं तसं नाही. तो माणसाच्या जिवाला धोका झाला, किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी झाला, तरच परवानगी. काळवीट तुमचं वर्षाचं पीक खाईल, पण तुम्हाला चावणार नाही. म्हणून कायद्याच्या लेखी ते निरुपद्रवी. पीक मेलं म्हणजे शेतकरी जगतो, असं कायदा धरून चालतो.

आणि भावांनो, रागाच्या भरात काही करू नका. पहिल्या यादीतला प्राणी मारल्यास कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. फासा लावणं, सापळा लावणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच.

त्याहून मोठी गोष्ट. बांधावर तार ओढून तिच्यात थेट घरचा किंवा मोटरचा करंट सोडायचा, हे जिथे चालू असेल तिथे आजच्या आज बंद करा. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, परसाकडे गेलेली म्हातारी, गुरामागे धावलेलं पोर त्या तारेला चिकटतं. मग हरणाचा गुन्हा राहत नाही, मनुष्यवधाचा होतो. सौर झटका यंत्र वेगळं. त्यातून क्षणभराचे झटके जातात, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. दोन्ही तारा दिसायला सारख्या, पण एकीने जनावर वळतं आणि दुसरीने माणूस मरतो. गावठी बॉम्ब आणि विष यांचंही तसंच. आपल्याच गाई त्यात आधी जातात.

‘द्या बंदुका’ म्हणणाऱ्यांना

आपल्यातच काहीजण म्हणतात, सोडा ते शिक्षण, सरळ बंदुका द्या. मला त्यांचा राग कळतो. पण २०१६ साली काय झालं ते आठवा. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांना उपद्रवी ठरवलं. मग हैदराबादहून नेमबाज बोलावले गेले आणि मोकामा भागात रोह्यांचे कळप पाडले गेले. चंद्रपूर भागातही रानडुकरं मारली गेली. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांवर तुटून पडले, वर्तमानपत्रांत रक्ताची छायाचित्रं आली, कोर्टात दावे झाले. शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? बाहेरचा नेमबाज आला, मारून गेला. गावात कोणी शिकलं नाही, मोजदाद राहिली नाही, पुढच्या वर्षी उरलेले कळप पुन्हा आले.

केरळने २०२२ साली वेगळी रीत धरली. रानडुकरांपुरता निर्णयाचा अधिकार ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. निदान निर्णय गावाजवळ आला.

मध्य प्रदेशाने काळविटांसाठी तिसरी रीत धरली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर भागात दक्षिण आफ्रिकेतून तज्ज्ञ आणले, वनविभागाची माणसं तयार केली, शेतांच्या मधे कापडाच्या भिंतींचं नरसाळ्यासारखं कुंपण उभं केलं आणि हेलिकॉप्टरने कळप हळूहळू त्यात वळवले. आठशेच्या वर काळविटं आणि साठाच्या वर रोही धरून गाड्यांतून दूरच्या रानांत नेऊन सोडले. एक गोळी उडाली नाही. प्राण्यांना पकडून हलवायची सोय आपल्या कायद्यातही आहे. मध्य प्रदेशच्या शेतकऱ्याला जे मिळालं ते विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला का मिळू नये? मला फक्त एक वाटतं. आफ्रिकेच्या माणसाला विमानाचं तिकीट द्यायच्या आधी, कळप कोणत्या वाटेने वळतो हे ज्याच्या रक्तात आहे त्या पारध्यालाही कोणीतरी विचारावं. हेलिकॉप्टर हाकारा करतं. हाकाऱ्याची विद्या इथलीच आहे.

पुणेकरांशी दोन शब्द

आपण पुण्यात जमलो आहोत, म्हणून शहरातल्या सज्जनांशीही बोललं पाहिजे. या जिल्ह्याच्या पूर्वेला, बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं. सुमारे पाच चौरस किलोमीटर, म्हणजे साडेबाराशे एकरांच्या आसपास. शेजारच्या नगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, १९८० चं. ते साडेपाचशे एकरही भरत नाही. एवढ्याशा जागेत कळप पोसला जातो, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी एकदा गुरं राखून पाहावी. हरणाला अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. सरकार निवारा देतं, चारा आसपासचा शेतकरी देतो.

कडबनवाडी, शिर्सुफळ इथे वनविभागाने गवताळ रानांची सफारी सुरू केली आहे. शहरातली माणसं लांडगा, चिंकारा पाहायला जातात. चांगली गोष्ट आहे. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे लोकांना कळू लागलं. पण सफारीचं तिकीट काढणाऱ्याने एक हिशेब समजून घ्यावा. ज्वारी हुरड्यात आल्यापासून काढणीपर्यंत आणि त्याआधी कोवळी असताना, मिळून साठ रात्री जागल धरा. रात्रीची मजुरी तीनशे रुपये धरा. अठरा हजार झाले. घरचा माणूस जागतो म्हणून तो पैसा कोणी मोजत नाही. त्याच माणसाला दिवसा पुन्हा औत धरायचं असतं, हेही कोणी मोजत नाही. हरीण सगळ्या देशाचं भूषण असेल, तर त्याच्या चाऱ्याचं बिल एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर का फाडता?

पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी आपली बाजू भक्कम केली आहे, हेही सांगतो. इथल्या आयसर संस्थेतले मिलिंद वाटवे आणि त्यांचे सहकारी यांनी ताडोबाच्या पश्चिमेकडच्या गावांत पिकाच्या नुकसानीचा अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी पाहून केलेल्या पंचनाम्यात खरं नुकसान कमीच धरलं जातं, असं त्यातून दिसलं. कोवळेपणी खुडलेलं रोप पुन्हा फुटतं, हिरवं दिसतं, पंचनाम्याला येणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. पण ते ताट पुढे कणीस धरतं का, हे काढणीलाच कळतं. भरपाईचा पाया खाल्लेल्या पानांवर न ठेवता आलेल्या उत्पन्नावर ठेवा, असं त्यांचं सांगणं आहे. तुम्ही आम्ही हे वर्षानुवर्षं बोलत होतो. आता ते मोजून दाखवलेलं आहे.

आपली शाळा कशी काढायची

आता कामाचं बोलू. प्रत्येक तालुक्यात निदान एका गावी, शेताच्या बांधावर, एक दिवसाचं शिबिर घ्यायचं. मंडप नको, हारतुरे नकोत. शिकवायला पारधी समाजातल्या जाणत्या माणसांना बोलवायचं आणि कृषी विद्यापीठाच्या माणसाला जे मानधन देतो तेवढंच त्यांना द्यायचं. शिबिरात चार गोष्टी हाताने करून शिकायच्या.

पहिली, चोर ओळखणं. पंचनाम्यात ‘वन्यप्राणी’ एवढंच लिहून भागत नाही. हरीण, रोही यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती पाला ओढून तोडतात, म्हणून तुटलेली कड फाटकी, दोऱ्या निघालेली दिसते. ससा आणि उंदीर कातरल्यासारखं तिरकं साफ कापतात. रानडुक्कर जमीन उकरतं, ताट मोडून आडवं करून कणीस खातं. मऊ मातीत डुकराच्या खुरामागे मागच्या दोन नखांचे ठसे बाजूला उमटतात. काळविटाचा नर आणि रोही ठराविक जागी लेंड्यांचे ढीग घालतात. तो ढीग सापडला की कळपाची बैठक सापडली.

दुसरी, मोजणी. शिवारातल्या पाच-सहा गावांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, दिवस उगवताना आणि मावळताना कळप मोजायचे. नर किती, माद्या किती, पाडसं किती. वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर एकच कळप तीन गावांच्या वहीत चढतो, आणि मग अधिकारी आपल्या सगळ्याच आकड्यांना हसतो.

तिसरी, नुकसानीचं माप. हे माझ्या शेतकीच्या विद्येतलं आहे आणि सोपं आहे. पेरणी झाली की शेतात पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद चौकोन जाळीने बंद करायचा. वरून उघडा ठेवायचा, म्हणजे पाखरं आत-बाहेर दोन्हीकडे सारखीच खातील. त्याच मातीत, थोड्या अंतरावर, तेवढाच चौकोन चार खुंट्या ठोकून उघडा ठेवायचा. अशा निदान तीन जोड्या करा, काही बांधाकडे, काही मधे. खत, कोळपणी, फवारणी दोन्हीकडे एकसारखी. काढणीला दोन्हीतलं धान्य वेगळं तोला. पंचवीस चौरस मीटर म्हणजे जवळपास पाव गुंठा. तेव्हा आलेल्या वजनाला एकशे साठने गुणलं की एकराचा आकडा मिळतो. समजा बंद चौकोनात तीन किलो ज्वारी आली आणि उघड्यात दोन किलो. तर एकरी चार क्विंटल ऐंशी किलोच्या जागी तीन क्विंटल वीस किलो. एकरी एक क्विंटल साठ किलो गेली. कडबा वेगळा तोला, तोही गेलाच आहे. कपाशीला प्रत्येक वेचणीचा कापूस लिहून ठेवा. या आकड्यासमोर ‘मला तर हिरवं दिसतंय’ म्हणणाऱ्याचं तोंड बंद होतं.

चौथी, कागद. नुकसान दिसलं की तीन दिवसांच्या आत जवळच्या वनकर्मचाऱ्याकडे लेखी अर्ज आणि त्याची पोच. तारीख, गट नंबर, पीक, पिकाची अवस्था, किती गुंठे, कोणतं जनावर, फोटो. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजा. पीकविम्यातही नवं कलम आलं आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून जंगली जनावरांचं नुकसान विम्यात जादा जोखीम म्हणून धरता येईल. कोणते प्राणी, कोणते भाग, हे राज्याने ठरवायचं आहे. बहात्तर तासांत मोबाईलवरून, जागेची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचं. ज्याच्याकडे तसला मोबाईल नाही त्याच्यासाठी गावातल्या दोन शिकलेल्या पोरापोरींनी ही जबाबदारी अंगावर घ्यावी. आणि आपला तालुका राज्याच्या यादीत आहे की नाही, हे प्रत्येक तालुका शाखेने विचारून घ्यावं. तो नसेल तर का नाही, ते लेखी मागावं.

आणि एक, गुरांबद्दल. जुलै २०२५ मध्ये इथे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पंधराच्या आसपास चितळ लाळ्या-खुरकुताने मेली. हा रोग गुरांचाही आहे. ज्या शिवारात हरणं आणि गुरं एकाच माळावर चरतात, एकाच पाणवठ्यावर पितात, तिथे गुरांना लस चुकवू नका. शिबिराच्या दिवशीच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

मागायचं काय

वही भरल्यावर मागणीला वजन येतं. माझ्या मते आपल्या मागण्या अशा असाव्यात. भरपाई उत्पन्नाच्या घटीवर ठरवा आणि जागलीची मजुरी तिच्यात धरा. रोही आणि रानडुकरांची परवानगी हंगाम संपायच्या आत मिळू द्या, आणि ती अमलात आणायला गावातली, नीट शिकवलेली, परीक्षा घेतलेली माणसं तयार करा. पारध्यांच्या पोरांना त्यात पहिला मान द्या. काळविटांचे कळप जिथे शेतीला पेलवत नाहीत, तिथे मध्य प्रदेशासारखे पकडून हलवा. माळाची गवताळ जमीन पडीक म्हणून दुसऱ्या कामाला देऊ नका, कारण माळ गेला की हरीण सरळ पिकात येतं. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची. ज्याच्या शेतावर देशाचा प्राणी पोसला जातो, त्या शेतकऱ्याला पोसण्याचा मोबदला द्या. भीक म्हणून नको, भाडं म्हणून. जर्मनीचा शेतकरी ते भाडं घेतो आणि त्याच्या शिवारात हरीण टिकून आहे. ज्या जनावरापासून शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, ते जनावर शेतकरी मरू देत नाही. बैल, गाय, शेळी आपण कायद्याच्या धाकाने सांभाळली नाहीत.

आपण हरणांचे वैरी नाही. असतो, तर एवढ्या वर्षांत माळावर एक काळवीट दिसलं नसतं. अभयारण्यं फार उशिरा झाली. त्याआधी आणि नंतरही हरीण जगलं ते आपल्या शिवारात, आपल्या ज्वारीवर. त्याची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही. ती नोंद आता आपण करायची.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दोन गोष्टी आणाव्यात. शिबिराचं गाव आणि तारीख, आणि निदान दहा शेतकऱ्यांची नावं, ज्यांनी यंदाच्या पेरणीत जाळीचे चौकोन करायचं कबूल केलं आहे. जाळी, खुंट्या आणि तराजू एवढाच खर्च आहे. रब्बीच्या पेरणीआधी हे झालं, तर काढणीनंतर आपल्या हातात पहिला आकडा असेल.